आधी तिला विचार

प्रिय,

तुरुंगातून बाहेर आलेल्या तुझ्या केसमधल्या बाईला सासर घेत नाही, माहेर दार उघडत नाही आणि साहेबांना महिनाअखेर ‘पुनर्वसन झाले’ असा अहवाल हवाय. तुझं सगळं वाचलं. दिराचं म्हणणं आहे, सरपंचांचं आहे, पोलीस पाटलांचंसुद्धा आहे. तिचं कुठंय गं?

आधी तिला विचार. परिविक्षा अधिकाऱ्याच्या प्रशिक्षणात १९५८चा परिविक्षा कायदा, म्हणजे गुन्हेगाराला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडण्याचा कायदा, घोकून घेतला असेल. कलम १४ मधली चौकशी, देखरेख, काम मिळवून द्यायला मदत, सगळं. विचारायचं कसं, ते मात्र कुणी शिकवत नाही. ऑफिसात टेबलापलीकडून विचारलंस तर “तुम्ही म्हणाल तसं” एवढंच ऐकू येईल. आत राहून तीच सवय लागते. एस्टी स्टँडवर चहा घेताना विचार. कुडाळकडची एक बाई मला तिथंच म्हणाली, “घोवाकडे नको माका. काजूच्या फॅक्टरीत बघा.” चिकानं बोटं सोलवटतात, काळे डाग जाता जात नाहीत, हे मी तिला सांगून पाहिलं. तिला तेच हवं होतं. स्वतःच्या नावावर खातं, आणि मागचं कुणी उकरणार नाही अशी भाड्याची खोली.

वरिष्ठांचं मत, कुटुंबात गेली नाही म्हणजे केस अर्धवट. असेल. मी जीप नाकारून एस्टीनं वाडीत जायचे, त्यालाही हसायचे. सरकारी गाडी दारात उभी राहिली की गणपतीला आलेल्या चाकरमान्यांमार्फत ती बातमी मुंबईपर्यंत जाते, हे हसणाऱ्यांना कोण सांगणार? बढती रखडली ती याच हट्टापायी, असं मी मानते. मानू दे मला.

आणि एक. ती चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटली की शिक्षा भोगून? तू लिहिलंच नाहीस! हमीवर सुटली असेल तर त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्याची अपात्रता तिला चिकटत नाही. शिक्षा भोगून आलेलीला या कलमाचा आधार नाही. काम शोधताना हा फरक पडतो, बाई.

मूल सहा वर्षांपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकतं. त्याहून मोठं असून बालगृहात असेल तर बाल कल्याण समितीकडे जावं लागेल. पण अर्ज लिहायच्या आधी तिला विचार. काहीजणींना आधी छप्पर हवं असतं, मग मूल. अशा वेळी तुझ्या कपाळावर आठी दिसता कामा नये.

सोमवारी भेटणार आहेस ना? तोवर दिराला फोन करू नकोस. अहवालात सासरच्या संमतीचा रकाना कोरा ठेव, साहेब ओरडले तर माझं नाव सांग.

तुझी,
मॅडम