ओटीपी नवऱ्याच्या फोनवर जातो

प्रश्न: आमच्या गावात सेवा केंद्र आहे पण स्टँडजवळ, कायम पोरांचा घोळका, एकटीला जायला नको वाटतं. लाडक्या बहिणीच्या केवायसीचा ओटीपी ह्यांच्या मोबाईलवर जातो, हे कामावर, मग परत हेलपाटा. काय करू?

उत्तर: ताई, आधी आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या. त्याला कागदपत्र लागत नाही, आधार केंद्रात अंगठा देऊन हे होतं, आणि हे एक काम झालं की अर्धी अडचण सुटते कारण नंबर नवऱ्याचा असला की पैसे तुमचे असूनही किल्ली दुसऱ्याकडेच राहते, हे आम्हाला खरंच खटकतं. मग बचतगटातल्या चार-पाच जणी मिळून दुपारी सेवा केंद्रात जा. दरपत्रक भिंतीवर लावलेलं असायलाच हवं, पावती मागून घ्या. ओटीपी सांगताना स्क्रीन बघा.

आणि केंद्रात बायकांसाठी वेगळी वेळ ठेवावी, हा विषय महिला ग्रामसभेत मांडा. 2017 च्या डिजिटल साक्षरता योजनेत घरटी एकालाच शिकवायचे, तेव्हा तुमचं राहून गेलं असेल तर आता निदान तुम्ही माऊस हातात घ्या. लाजू नका.