प्रतिज्ञापत्र नंतर, आधी तुमची पार्ट टू ऑर्डर शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फौजेत 17 वर्षं नोकरी करून 1987 ला पेन्शनवर आलात. डिस्चार्ज बुकात पत्नीचं नाव चुकलंय, तिची जन्मतारीखच नाही, तुमची स्वतःची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. रेकॉर्ड ऑफिसला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. आता वकील करावा का? आणि शेवटी लिहिलंय, "त्या बाबू लोकांना साधी नावं नीट लिहायला काय होत होतं?"

मी त्याच बाबू लोकांपैकी एक. 1976 ते 1998, पायदळाच्या एका पलटणीत क्लार्क होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. तुमचं शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

वकील आत्ता करू नका. प्रतिज्ञापत्र तर मुळीच करू नका, निदान चूक नेमकी कुठल्या कागदात शिरली हे कळेपर्यंत. लग्न करून सुट्टीवरून परतलेल्या जवानाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न, मूल अशा बदलांची नोंद करणारा पलटणीचा लेखी हुकूम, निघायची हे तुम्हाला ठाऊक आहेच. एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला, एक पीएओला, म्हणजे पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या ऑफिसला. रेकॉर्डवाले ती शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रावर, चढवायचे. पेन्शनच्या वेळी तेच नाव डेटा शीटवर यायचं, तिथून अलाहाबादच्या पेन्शन ऑफिसला, तिथून पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर. डिस्चार्ज बुक आणखी तिसराच कोणी भरायचा. म्हणजे एक नाव किमान चार हातांनी उतरवलं गेलं. पहिल्या कागदावर नाव बरोबर असेल आणि पुढे बिघडलं असेल, तर ती त्यांची लेखनिक चूक आहे आणि पुरावा त्यांच्याच कपाटात आहे. पहिलाच कागद चुकला असेल तरच पुरावे जमवायची वेळ तुमच्यावर येते. लोक हा फरक बघतच नाहीत. थेट कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे जातात आणि स्टॅम्प पेपर घेतात.

मीही तेच केलं होतं. क्लार्क असून.

2005 साली ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डासाठी कागद काढले तेव्हा पीपीओवरच्या बायकोच्या नावाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तिचं नाव इथे लिहीत नाही, पण शैलाची शीला व्हावी तसं झालं होतं. इंग्रजीत एकदोन अक्षरांचा फरक, मराठीत दुसरीच बाई. पेन्शनवर येताना रेजिमेंटच्या सेंटरमध्ये एका दिवसात कितीतरी ठिकाणी सह्या केल्या होत्या, त्यातलीच एक त्या डेटा शीटवर होती. मी आयुष्यभर पोरांना "वाचून सही कर" सांगत आलो आणि माझ्या स्वतःच्या कागदावर न वाचता सही केली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या दिवशी मी मेलो असतो तर निस्तरायला ती होती, मी नव्हतो.

टायपिस्टने त्याच्या ठरलेल्या नमुन्यावर प्रतिज्ञापत्र केलं: "माझ्या पत्नीने आपले नाव बदलले असून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत." मी सही केली, अर्ज पाठवला. साडेचार महिन्यांनी उत्तर आलं की नाव बदलल्याचं राजपत्र जोडा. आता बघा काय झालं. तिने नाव कधीच बदललं नव्हतं. चूक त्यांची होती, पण नाव बदललं असं मीच शपथेवर लिहून दिलं होतं. माझ्या फाइलमध्ये माझ्याच सहीने माझ्याविरुद्ध कागद गेला. पुढची दोन पत्रं "तसं नाही, चूक तुमच्याकडची आहे" हे सांगण्यात गेली आणि दोन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं.

मग एका रात्री आठवलं. माझ्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर 1981 साली मीच टाइप केली होती. तेव्हा स्टेन्सिल कापायचो. अक्षर चुकलं की लाल करेक्शन फ्लुइड ब्रशने लावायचं, वाळेपर्यंत थांबायचं, त्याच जागी पुन्हा मारायचं. स्वतःच्या बायकोचं नाव मारताना मी एकेक अक्षर जपून मारलं होतं. काळी ट्रंक उघडली. खाली वर्तमानपत्राच्या घडीत त्या ऑर्डरचा उतारा होता, क्रमांकासकट, तारखेसकट. नाव बरोबर.

हा उतारा माझ्याकडे का होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ज्याची ऑर्डर निघेल त्याला त्याच्यापुरता उतारा कार्बनवर काढून द्यायचा, अशी सवय मी स्वतःहून लावली होती. लग्न, मूल, नावातली दुरुस्ती, काहीही असो. चार ओळींचा कागद. पोरं तो ट्रंकेत टाकायची, घरी जाऊन बापाला दाखवायची. चारेक महिने हे चाललं. मग बडे बाबूंच्या, म्हणजे आमच्या हेडक्लार्क साहेबांच्या लक्षात आलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "जवान को कागज़ किसलिए चाहिए? रेकॉर्ड है ना!" ऑफिसचा कागद बाहेर जातो, उद्या कोणी खाडाखोड करून आणला तर जबाबदार कोण, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असं नाही, तशा भानगडी होत असत. पण मी म्हणालो, साहेब, रेकॉर्ड चुकलं तर जवान काय दाखवणार? ते म्हणाले, रेकॉर्ड चुकत नाही, जवान चुकीचं सांगतो, आणि सही करतो म्हणजे त्याला मान्य असतं. यावर मी बोललो ते जरा जास्तच बोललो. इंग्रजीतला कागद, वाचता न येणारा शिपाई, समोर रांग, मागून "जल्दी करो". त्या सहीला मान्यता म्हणायचं? मला कडक शब्दांत समज मिळाली आणि उतारे बंद झाले. हुकूम होता, मी मानला. तेवढा माझा एक उतारा आधीच घरी गेला होता.

तर परत माझ्या अर्जाकडे. माहिती अधिकाराचा कायदा ऑक्टोबर 2005 मध्ये लागू झाला होता. 2006 मध्ये मी 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून तीन गोष्टी मागितल्या: माझ्या शीट रोलची प्रत, किंड्रेड रोलची (घरच्या माणसांच्या नोंदीची) प्रत, आणि अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत. क्रमांक दिला होता, त्यामुळे "सापडत नाही" म्हणायला जागाच उरली नाही. प्रती आल्या. तिन्ही ठिकाणी नाव बरोबर! त्यांच्याच शिक्क्याच्या त्या प्रती जोडून एक पानाचा अर्ज केला: तुमच्या रेकॉर्डप्रमाणे नाव हे आहे, पीपीओवर ते चुकीचं उतरलं आहे, करिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ काढावा. ना प्रतिज्ञापत्र, ना राजपत्र. 2007 च्या सुरुवातीला करिजेंडम हातात आला. दीड-दोन वर्षं मी चुकीचं दार ठोठावत होतो.

तुम्हीही हेच करा. माहिती अधिकारात एनरोलमेंट फॉर्म, शीट रोल, किंड्रेड रोल आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर मागा. क्रमांक माहीत नसेल तर लग्नाचं वर्ष आणि तेव्हाची पलटण लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा, त्याला पैसे लागत नाहीत. स्वतःचे कागद स्वतः मागताना "वैयक्तिक माहिती आहे" हे कारण चालत नाही. साध्या पत्राला उत्तर न देणारं ऑफिस माहिती अधिकाराला देतं, कारण तिथे तारीख मोजली जाते. दुरुस्तीचा अर्ज मात्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, त्यांच्या शिक्क्यासह पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

पत्नीची जन्मतारीख नाही, ही गोष्ट तुम्ही सहज लिहिलीत, पण माझ्या मते तुमच्या तिन्ही दुखण्यांत तीच मोठी आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना 80 वर्षं पूर्ण झाली की 20 टक्के वाढ मिळते, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि 100 ला दुप्पट. जन्मतारीखच नोंदलेली नसेल तर ती बाई 80 ची झाली हे कोण मोजणार? तुम्ही आहात तोवर तुमच्या सहीने हे काम होतं. तुमच्या मागे तिला एकटीला आधी "मीच त्यांची बायको" इथपासून सुरुवात करावी लागेल.

तुमच्या स्वतःच्या जन्मतारखेचा नाद सोडा. भरती होताना जी तारीख नोंदली गेली तीच धरली जाते. पेन्शनवर आल्यावर शाळेचा दाखला दाखवून ती बदलत नाही. आपल्याकडच्या दाखल्यांवर मास्तरांनी घातलेल्या 1 जून तारखा किती आहेत हे ऑफिसांनाही ठाऊक आहे. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख होते, त्यांची जन्मतारीख एजी (अ‍ॅडज्युटंट जनरल) ब्रँचकडे 10 मे 1951 आणि एमएस (मिलिटरी सेक्रेटरी) ब्रँचकडे 10 मे 1950. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, फेब्रुवारी 2012 मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि 31 मे 2012 ला 1950 धरूनच निवृत्त झाले. एकाच फौजेच्या दोन कपाटांत प्रमुखाचीच दोन जन्मवर्षं! बडे बाबूंचं "रेकॉर्ड चुकत नाही" हे वाक्य मला तेव्हा पुन्हा आठवलं. तुमच्या बाबतीत एकच अपवाद: एनरोलमेंट फॉर्मवर एक तारीख आणि डिस्चार्ज बुकावर दुसरी असेल, तर ती उतरवण्यातली चूक आहे आणि दुरुस्त होऊ शकते.

बडे बाबू पुढे एकदा पलटणीच्या रेझिंग डेला (स्थापना दिनाला) भेटले. मी करिजेंडमची गोष्ट सांगितली. "तेरा नसीब," म्हणाले. नशीब नाही, साहेब. कार्बनचा एक कागद. त्या चार महिन्यांत ज्यांना उतारे मिळाले त्यातल्या एकाची पत्नी मला 2011 मध्ये भेटली. नवरा गेल्यावर नावात तफावत निघाली, तेव्हा तिने ट्रंकेतला तो पिवळा कागद पुढे केला आणि तिचं काम झालं. ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्या घरचं मला कोणी सांगायला आलं नाही, पण त्यांची नावं मला आजही तोंडपाठ आहेत, कारण ती मीच टाइप केली होती. म्हणून "बाबू लोकांना काय होत होतं" याला माझं उत्तर हे आहे: चुका होत होत्या, माझ्या हातूनही झाल्या असतील. पण ज्याचं नाव त्याच्या हातात त्याची प्रत दिली असती तर त्यातल्या बहुतेक तिथल्या तिथे पकडल्या गेल्या असत्या.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. लग्नात पत्नीचं नावच बदललं असेल, म्हणजे माहेरची मंगल आणि सासरची सुनीता असं असेल, आणि दाखल्यावर एक, रेकॉर्डवर दुसरं असेल, तर ती कोणाची चूक नाही. तिथे प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, गरज पडली तर राजपत्र, हे सगळं रास्त आहे. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करतात, फक्त लाँग रोल, म्हणजे नावांची मूळ नोंदवही, राहतो. तुम्ही पेन्शनर आहात, त्यामुळे तुमची फाइल मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण उशीर करू नका. फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर नाव बदलायला गेलात तरी ते काम शेवटी रेकॉर्ड ऑफिसकडेच येतं. वकील लागलाच तर लेखी नकार आल्यावर. सैन्यदल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, पण नावातल्या एका अक्षरासाठी तिथवर जावं लागू नये. आणि हे सगळं पायदळाचं सांगितलं, नौदल आणि हवाई दलाची रेकॉर्ड ऑफिसं वेगळी आहेत.

माहिती अधिकारात प्रती आल्या की कुठल्या कागदावर नाव कसं आहे तेवढं इथे लिहा, नाव झाकून. करिजेंडमच्या अर्जाचा इंग्रजी मसुदा मी करून देतो.