एंजल का गेले, गुरामी का वाचली, आणि बॅकअप नेमका कशाला द्यायचा

तुमचा प्रश्न वाचून फार वाईट वाटलं. तीन वर्षं सांभाळलेले सहा एंजल मासे एका दिवसात जाणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर तिच्यातच आहे. तीन फुटी, साधारण १३० लिटरची माशांची टाकी, पाणी २८ अंश, १५ वॅटचा कॅनिस्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्यातला) फिल्टर, २०० वॅटचा हीटर, थोडी झाडं, वरून काचेचं झाकण. रात्री साडेअकराला लाईट गेली ती सकाळी साडेसहाला आली. चार एंजल तोवर गेलेले, गुरामी माशांची जोडी मात्र ठणठणीत. लाईट आल्यावर फिल्टर आपोआप सुरू झाला, त्यातून तपकिरी पाणी आलं आणि संध्याकाळपर्यंत उरलेले दोन एंजलही गेले. आता हे सगळं चालेल असा यूपीएस (लाईट गेल्यावर बॅटरीवर वीज देणारा) किती व्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा घ्यावा, असं तुम्ही विचारताय.

माझं म्हणणं असं, की सगळं चालवायच्या भानगडीत पडूच नका. बॅकअप फक्त हवेला, म्हणजे पाण्यात बुडबुडे सोडणाऱ्या एअर पंपाला द्या, तोही लाईट गेल्याबरोबर आपोआप सुरू होणारा.

गुरामी का वाचली याचा विचार केला की हे लगेच पटतं. गुरामी, फायटर या माशांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो. पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला तर ते वर येऊन थेट हवा घेतात. एंजलला ती सोय नाही. तुमच्या टाकीत त्या रात्री विष कालवलं गेलं असतं किंवा पाणी एकदम गार पडलं असतं, तर गुरामीही सुटली नसती. म्हणजे पहिले चार एंजल गुदमरून गेले.

आता आकडे बघा. २८ अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. तुमच्या अख्ख्या टाकीत मिळून जेमतेम एक ग्रॅम. तेवढाच ऑक्सिजन चार लिटर हवेत असतो! त्या एका ग्रॅमवर मासे, जीवाणू, गोगलगायी, तळाचा कुजका गाळ सगळे जगतात. अंधारात झाडंही ऑक्सिजन सोडायचा थांबवून तो वापरायला लागतात. एरवी फिल्टरचं पाणी वरचा थर हलवत असतं म्हणून हवेतून भर पडत राहते. फिल्टर थांबला, पाणी निपचित झालं, त्यावर झाकण, की भर जवळपास बंद आणि खर्च चालूच. म्हणून रात्री लाईट जाणं दिवसापेक्षा महागात पडतं, आणि पाणी जितकं गरम तितकं लवकर. गरम पाण्यात ऑक्सिजन मावतोही कमी आणि माशांना लागतोही जास्त.

हीटरचं ओझं तर डोक्यातून काढूनच टाका. १३० लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १५० वॅट-तास लागतात. नेहमीच्या छोट्या कॉम्प्युटर यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. अख्खी बॅटरी रिकामी केली तरी पाणी एक अंशही वर जाणार नाही. उलट एवढं पाणी थंड व्हायलाही वेळ घेतं. थंडीचे दिवस असतील तर टाकीच्या बाजूंना जाड चादर किंवा थर्माकोल लावा, वरची बाजू उघडी ठेवा. काही तासांचा प्रश्न त्यात सुटतो. दिवेही बंदच ठेवायचे.

त्याच यूपीएसवर फक्त कॅनिस्टर चालवला तर? ८४ भागिले १५ केलं की साडेपाच तास दिसतात, पण यूपीएस स्वतःच बरीच वीज खातो आणि बॅटरीतून सगळा चार्ज काही निघत नाही. दोन-तीन तास मिळाले तरी पुष्कळ. तो कॉम्प्युटर नीट बंद करायला वेळ मिळावा म्हणून बनवलेला असतो, रात्र काढायला नाही. शिवाय काही यूपीएस भार फार कमी असला की बंद होतात, आणि साध्या यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर फिल्टरची मोटर घरघरते, तापते.

घरात आधीच मोठा इन्व्हर्टर असेल तर गोष्ट वेगळी. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. निम्मेच हाती लागतात असं धरलं तरी १५ वॅटचा फिल्टर आणि ४ वॅटचा एअर पंप सबंध रात्र आरामात चालतो. साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) इन्व्हर्टर असल्याची खात्री करा, टाकीजवळचा एक सॉकेट त्यावर घ्या आणि हीटरची पिन त्या सॉकेटला कधीच जाणार नाही असं बघा. इन्व्हर्टर नसेल तर केवळ टाकीसाठी तो घेण्याची गरज मला वाटत नाही.

मी स्वतः कित्येक वर्षं वापरतो आहे ती जोडणी सांगतो. टाकीच्या मागच्या कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर (हवेच्या बुडबुड्यांनी स्पंजमधून पाणी ओढणारा) कायम ठेवलेला, त्याला चार्जिंगवाला एअर पंप जोडलेला. या पंपाच्या आत लिथियम बॅटरी असते, तो कायम प्लगमध्ये राहतो आणि वीज गेली की स्वतःहून सुरू होतो. घेताना हेच विचारून घ्या, कारण दिसायला तसेच असणारे काही पंप बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. तुम्ही झोपलेले असाल किंवा गावाला गेला असाल तर त्या बटणाचा काय उपयोग? नुसत्या एअर स्टोनऐवजी (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाऐवजी) स्पंज अशासाठी, की कॅनिस्टरशेजारी महिना-दीड महिना चालला की त्यातही माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणाऱ्या जीवाणूंची वस्ती होते. लाईट गेल्यावर हवा आणि थोडंफार गाळण दोन्ही चालू राहतं, चार-पाच वॅटच्या आत. त्यासाठी तो एरवीही चालता हवा, नाहीतर नुसता ओला स्पंज उरतो. काही चार्जिंगवाले पंप वीज असताना थांबून राहतात. तसा असेल तर टी-जोडाने (तीन तोंडांच्या जोडाने) दोन पंप जोडा, रोजचा साधा आणि लाईट गेल्यावरचा हा, आणि दोघांच्याही नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घाला.

दुसरा मार्ग यूएसबी एअर पंप आणि पॉवर बँकेचा. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास, तूट जाऊन तीसेक हाती येतात. दीड वॅटचा पंप त्यावर वीस तासांच्या आसपास चालतो. पण यात एक खोच आहे आणि ती मला महागात पडली. बऱ्याच पॉवर बँका अगदी कमी करंट ओढला जात असला की 'फोन चार्ज झाला' असं समजून बंद होतात. एका रात्री लाईट गेली तेव्हा मी असा पंप लावला, बुडबुडे बघितले आणि निर्धास्त झोपलो. अडीचच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर घर नको इतकं शांत. टॉर्च मारला तेव्हा सगळे मासे एका कोपऱ्यात, तोंडं वर करून तिरके उभे, कल्ले भराभर उघडमीट करताहेत, आणि पॉवर बँकेचा दिवा विझलेला. झाकण काढलं, पाण्याचा मग हातात घेतला आणि पहाटेपर्यंत टाकीतलंच पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतत बसलो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मासे कोपरा सोडून पांगायला लागले. हाताशी काहीच नसेल तेव्हा हा मगच बॅकअप. क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी भरून ठेवलेलं असेल तर पाव टाकी बदलली तरी मोठा दिलासा मिळतो.

तेव्हा पॉवर बँक वापरणार असाल तर दिवसा तीन-चार तास पंप लावून ती मध्येच बंद होत नाही ना ते बघा. एकीकडे चार्ज होत असताना दुसरीकडे वीज देते का, आणि प्लग काढल्यावर मध्ये न थांबता देत राहते का, हेही बघा. राउटरसाठी मिळणारे मिनी यूपीएस या बाबतीत जास्त भरवशाचे वाटतात, कारण त्यांचं कामच ते आहे. व्होल्टेज जुळलं पाहिजे एवढंच. पाच व्होल्टचा पंप बाराच्या पिनेत घातला तर तो जळेल.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह एकच पंप असला तरी घाला. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल आणि थांबला, तर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि तिथून बोर्डापर्यंत पोहोचू शकतं. व्हॉल्व्हचं तोंड उलटं बसवलं तर बुडबुडेच येत नाहीत, म्हणून आधी फुंकून बघा.

आता तुमचे शेवटचे दोन एंजल. ते तपकिरी पाणी हेच त्याचं कारण असणार, असं मला वाटतं. कॅनिस्टर हा बंद डबा. पाणी फिरायचं थांबलं की आतले जीवाणू तिथला ऑक्सिजन काही तासांतच संपवतात, मग मरायला आणि कुजायला लागतात. सात तासांनी तो आपोआप सुरू झाला तेव्हा तो सगळा घाण, ऑक्सिजन नसलेला काढा आधीच धापा टाकणाऱ्या माशांवर आला. म्हणून लाईट दोन-तीन तासांहून जास्त गेली की कॅनिस्टरची पिन काढून ठेवायची. लाईट आल्यावर डबा उघडायचा, वास घ्यायचा. सडक्या अंड्यासारखा असेल तर शंकाच नको. आतलं पाणी टाकून द्यायचं, स्पंज आणि रिंगा (जीवाणू ज्यांवर राहतात त्या) टाकीतल्याच पाण्यात बादलीत हलक्या हाताने खळबळून घ्यायच्या आणि मगच फिल्टर सुरू करायचा. नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने उरलेले जीवाणूही जातील.

लाईट नसताना खाणं अजिबात टाकू नका. पचनाला ऑक्सिजन लागतो आणि उरलेलं कुजतं. निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस सहज उपाशी राहतात. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर लावला असेल आणि त्याला सोलेनॉइड (वीज गेली की वायू बंद करणारी झडप) नसेल, तर लाईट गेल्यावर वायू येतच राहतो. तो हाताने बंद करा. जनरेटर लावायची वेळ आलीच तर तो घराबाहेर, खिडक्या-दारांपासून लांब. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाला मारतो.

जोडणी झाली की एखाद्या सुट्टीच्या सकाळी, घरातले सगळे जागे असताना, टाकीचा मुख्य स्विच दोन तास बंद करा आणि समोर खुर्ची टाकून बसा. पंप स्वतः सुरू होतो का, पाण्याचा वरचा थर खरंच हलतो का, मासे कोणत्या थरात पोहताहेत, हे बघा. पुढच्या खेपेला वेळ वाढवून बॅटरी किती तास टिकते ते मोजा. लिथियम बॅटऱ्या काळाबरोबर दमतात, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी हे पुन्हा करा.

नवे एंजल आणायची घाई आत्ता नको. त्या रात्री फिल्टरमधले किती जीवाणू वाचले ते डोळ्यांनी दिसत नाही. दोन आठवडे एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट (जीवाणू कमी पडले की पाण्यात साठणारी विषं) तपासा, गुरामीला अगदी थोडं खायला द्या, आकडा वर दिसला की लगेच पाव ते अर्धं पाणी बदला. सलग आठवडाभर दोन्ही शून्य आले की आधी दोनच एंजल आणा, आणि ते स्थिरावले की बाकीचे.