पृष्ठवंशीय प्राण्यांचे पाच वर्ग खरोखर कालबाह्य झाले आहेत का?

मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन असे पृष्ठवंशीय प्राण्यांचे पाच वर्ग आपण शाळेत शिकलात, आता मात्र ‘पक्षी म्हणजे डायनासोरच’ असे जो तो सांगतो, तेव्हा अकरावीतल्या मुलीला नेमके काय शिकवावे, असे आपण विचारले आहे. परीक्षेपुरते उत्तर सोपे आहे: तिच्या पाठ्यपुस्तकात जे वर्ग दिले असतील तेच तिने लिहावेत, कारण गुण त्यालाच मिळतात. विज्ञान म्हणून विचाराल, तर पाचांपैकी तीन वर्ग टिकतात आणि दोन टिकत नाहीत. पक्षी, सस्तन आणि आज हयात असलेले उभयचर हे तीन गट प्रत्येकी एकाच पूर्वजापासून निघालेले आहेत आणि त्या पूर्वजाचा कोणताही हयात वंशज गटाबाहेर राहिलेला नाही. मासे आणि सरीसृप यांच्याबाबत असे म्हणता येत नाही. इतरांना वेगळे काढल्यावर जे उरले त्यांची बांधलेली मोट म्हणजे हे दोन वर्ग, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना ते मी भर बैठकीत मांडलेही होते.

माशांचे आधी उरकते. बाजारात मुशी (शार्क) आणि सुरमई शेजारी शेजारी मांडलेल्या असल्या, तरी सुरमई ही मुशीपेक्षा तिला विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नात्याने जवळची आहे, कारण हाडांचा सांगाडा असलेले मासे आणि आपण यांचा समाईक पूर्वज मुशीची शाखा फुटून गेल्यानंतरचा आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील फुप्फुसमासे तर सुरमईपेक्षाही आपल्याला जवळचे आहेत. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जाळ्यात आलेला सीलाकांथ मासा आणि २००४ साली कॅनडातील एल्समियर बेटावर सापडलेला, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिक्टालिक हा जीवाश्म हे त्याच मांसल परांच्या शाखेतले आहेत, आणि बेडकापासून माणसापर्यंतचे सगळे चतुष्पाद (चार पायांच्या पूर्वजापासून आलेले प्राणी) त्या शाखेच्या आत बसतात. म्हणजे ‘मासे’ हा वर्ग नात्याने खरा करायचा, तर त्यात स्वतःला घालून घ्यावे लागेल.

माझे खरे भांडण सरीसृपांवरून झाले. मगर, सरडा, साप, कासव यांना एका वर्गात घालायचे आणि कोंबडीला दुसऱ्या वर्गात, ही मांडणी वरवर पाहता निर्दोष वाटते. प्रत्यक्षात मगर आणि पक्षी यांचा समाईक पूर्वज सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर सरडे आणि साप यांची शाखा त्याच्याही आधी वेगळी झालेली आहे. मगरीचे आज हयात असलेले सर्वांत जवळचे नातेवाईक पक्षी आहेत. असे असताना सरीसृपांमधून पक्ष्यांना वगळणे म्हणजे कुलवृत्तांत छापताना, एका शाखेने परमुलखात जाऊन आडनाव बदलले म्हणून तिचीच पाने गाळून टाकण्यासारखे आहे.

मी कृष्णाकाठच्या एका गावात शिकवत असे. तेथील मुलांना मगर चित्रातून शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्ले अंड्यातूनच आवाज करू लागतात, तो ऐकून ती खड्डा उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते, हे त्यांतील काहींनी घरच्या मोठ्या माणसांकडून ऐकलेले असे. अंड्यातल्या पिल्लाचा आवाज आणि त्याला प्रतिसाद देणारी आई हे कोंबडीच्या खुराड्यातही आहे; सरड्याकडे असले काही पाहायला मिळत नाही. पण वागणुकीवरून नाते सांगितले की समोरच्याला ते पटत नाही, म्हणून मी वर्गात हृदय कापून दाखवत असे. मगरीचे हृदय मिळणे कायद्यानेच शक्य नाही, ते आकृतीवर भागवावे लागे. चिकनच्या दुकानातून मात्र मी वरच्या नळ्या न छाटलेली कोंबडीची हृदये मागवत असे आणि सोबत बकऱ्याचे एक आणत असे.

कोंबडीचे हृदय मधोमध आडवे कापले, तर डाव्या निलयाची (खालच्या कप्प्याची) भिंत जाड आणि गोल दिसते, आणि उजवा निलय तिला चंद्रकोरीसारखा एका बाजूने बिलगलेला असतो. उजव्या अलिंद (वरचा कप्पा) आणि निलयामधली झडप ही चक्क मांसाची घडी असते. बकऱ्याच्या हृदयात त्याच जागी पातळ पडदे आणि त्यांना ओढून धरणारे पांढरे दोरे दिसतात. शिवाय कोंबडीची महाधमनी उजवीकडे वळते आणि बकऱ्याची डावीकडे. मगरीत दोन्ही बाजूंच्या महाधमन्या शिल्लक आहेत, त्यांपैकी डावी ही उजव्या निलयातून निघते, दोघींना जोडणारे एक छिद्र निलयांच्या बाहेर असते, आणि तिच्या उजव्या झडपेतही स्नायूचा भाग असतो. ही तिन्ही हृदये चार कप्प्यांचीच आहेत, पण बकऱ्याचे चार कप्पे वेगळ्या वाटेने तयार झालेले आहेत. माशाचे दोन, बेडकाचे तीन, सरड्याचे तीन आणि माणसाचे चार, अशी जी जिन्यासारखी आकृती प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगलेली असते, ती म्हणूनच दिशाभूल करणारी आहे. चार कप्पे निदान दोनदा, एकमेकांशी संबंध न येता, निर्माण झालेले आहेत. ‘सरीसृपांचे हृदय तीन कप्प्यांचे, अपवाद मगर’ हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. तो अपवाद का आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

त्या काळी आमच्या भागातील काही महाविद्यालये मिळून सराव परीक्षा घेत आणि उत्तरपत्रिका अदलाबदल करून तपासत. मगर आणि सरडा यांना एकाच वर्गात ठेवण्याची कारणे लिहा, असा एक प्रश्न होता. माझ्या एका विद्यार्थिनीने खवले, कवचाची अंडी, शीतरक्त वगैरे अपेक्षित मुद्दे लिहिले आणि शेवटी एक वाक्य जोडले की, असे असले तरी मगरीचे जवळचे नातेवाईक सरडे नसून पक्षी आहेत. परीक्षकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून संपूर्ण उत्तराला शून्य दिले. वरचे बरोबर मुद्देही त्या रेघेत गेले, याचा मला अधिक राग आला.

बैठकीत मी ती उत्तरपत्रिका पुढे ठेवली. परीक्षक वयाने आणि अधिकाराने माझ्यापेक्षा बरेच मोठे होते. ते हसून म्हणाले, “मॅडम, मगरीला पिसं दाखवा, मी लगेच गुण देतो.” सगळे हसले. मी म्हटले, “सर, प्रश्न अंगावर काय आहे याचा नाही, दोघांचा समाईक पूर्वज कोणता आहे याचा आहे. पिसे पक्ष्यांच्याच फांदीवर पुढे कधीतरी आली.” चीनच्या लिआओनिंग प्रांतात १९९६ साली सापडलेल्या सिनोसॉरोप्टेरिक्स या डायनासोरच्या अंगावर पिसांसारखे तंतू आहेत, तो पक्षी नव्हता, हेही मी सांगितले. त्यावर, हे नवे खूळ आहे आणि वर्गीकरण अठराव्या शतकातल्या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसपासून चालत आलेले आहे, असे उत्तर आले. लिनियसचे नाव घ्यायला नको होते. त्याने १७५८ च्या आवृत्तीत बेडूक, सरडे, साप आणि मुशीसुद्धा एकाच ‘उभयचर’ वर्गात घातल्या होत्या. ते आपण कधीच सोडून दिले आहे. आणि खूळ नवेही नाही. जर्मनीत आर्किऑप्टेरिक्स हा पिसांचा जीवाश्म १८६१ साली उजेडात आला, आणि त्याच दशकात इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सलेने पक्षी व सरीसृप यांना एका गटात बसवले. वर्गीकरण केवळ नात्यावरच बेतावे, हा आग्रह जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिगने १९५० साली जर्मन भाषेत आणि १९६६ साली इंग्रजी पुस्तकातून मांडला. आमची बैठक त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली.

त्यांचा एक मुद्दा मात्र चांगला होता. “सस्तनही सरीसृपांपासूनच आले ना? मग पक्ष्यांना आत घेताना बकऱ्यालाही घ्या,” असे ते म्हणाले. असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले आहे, पण ते बरोबर नाही. कवचाच्या आत पाण्याची पिशवी असलेले अंडे घालणाऱ्या आद्य प्राण्यांतून सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी दोन शाखा निघाल्या: एकीत पुढे सरडे, मगरी, डायनासोर आणि पक्षी झाले, दुसरीत आपण. मुलांच्या डायनासोरांच्या डब्यात पाठीवर शीड असलेला जो डायमेट्रोडॉन असतो, तो डायनासोर नसून आपल्या बाजूचा आहे. त्याच्या कवटीत डोळ्याच्या मागे एक मोकळी जागा होती. मगरीच्या बाजूला अशा दोन असतात. आपल्यातही तीच एक जागा आहे. कानशिलावर बोट ठेवून दाढा आवळल्या की जो स्नायू बोटाखाली फुगतो, तो तिथूनच खाली जबड्यापर्यंत जातो. मी बैठकीतच सर्वांना तसे करायला सांगितले, आणि काहींनी केलेही, पण सरांनी केले नाही. गुण मिळाले नाहीत. पुढे लग्नकार्यांत किंवा निरोप समारंभात गाठ पडली की, “काय मॅडम, कोंबडी काय म्हणते?” एवढे ते न चुकता विचारत, आणि आजूबाजूचे लोक समजून हसत.

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अर्न्स्ट मायरसारखा मातब्बर जीवशास्त्रज्ञ शेवटपर्यंत असे मानत होता की, केवळ नाते पुरेसे नाही. एखादी शाखा जीवनपद्धतीने खूप दूर गेली असेल, तर तिला वेगळा वर्ग द्यावा. सरांनी हा युक्तिवाद केला असता, तर मला बरेच अधिक बोलावे लागले असते. त्यांनी तो केला नाही. तसेच, फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहणारी हवा हा मगर आणि पक्षी यांच्या नात्याचा पुरावा म्हणून अनेक ठिकाणी सांगितला जातो. तो वापरू नये, कारण पुढे घोरपडीच्या वंशातही तसाच प्रवाह आढळला, म्हणजे हे वैशिष्ट्य बरेच जुने असणार. कासवांबद्दलही जपून लिहावे. कवटीवरून ती फार काळ सगळ्यांपासून अलग मानली गेली, आता जनुकांवरून मगर आणि पक्षी यांच्या बाजूला येतात. आणि शेतात साप निघाला किंवा विहिरीत घोरपड पडली, तर ‘सरीसृप’ म्हणून नोंद करणे अगदी सोयीचे आहे. त्याला माझा विरोध नाही.

आपल्या मुलीने बहुपर्यायी प्रश्नात पुस्तकातलाच पर्याय निवडावा आणि मगरीच्या हृदयाचे कप्पे चारच लिहावेत. दीर्घोत्तरी प्रश्नात आधी पुस्तकातील वर्ग पूर्ण लिहावेत, त्यानंतर वेगळ्या परिच्छेदात पक्षी व मगर यांचे नाते लिहावे, आणि परीक्षकाने त्यावर गुण कापले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून तपासणी जरूर मागावी; संकोच करू नये. नाते नुसते शब्दांत न सांगता महाधमनी कोणत्या बाजूला वळते ते दाखवणाऱ्या तीन छोट्या आकृत्या काढाव्यात, कारण नावे दिलेल्या बरोबर आकृतीवर लाल रेघ ओढणे परीक्षकाला अवघड जाते.