मोजा तोंडात आला की गुरगुरणारा क्लंबर

नॉटिंगहॅममधलं मराठी कुटुंब. दीड वर्षाचा क्लंबर स्पॅनियल जातीचा कुत्रा, वजन ३४ किलो. एरवी गरीब गाय. पण मोजा तोंडात आला की सोफ्यामागे शिरतो आणि हात पुढे केला की गुरगुरतो. घरात नऊ वर्षांचा मुलगा. आईचा प्रश्न : कुत्रा चावरा निघाला का?

तसं दिसत नव्हतं. शिकारीत पडलेला पक्षी उचलून आणणं हे या जातीचं कामच, त्यामुळे काहीतरी तोंडात धरून मिरवणं रक्तातलं. बिघडलं ते पुढे. मुलगा मागे धावायचा, बाबा जबडा उघडून मोजा ओढायचे. माणूस जवळ आला की वस्तू जाते, एवढंच कुत्रा शिकला. अशी कुत्री मग पटकन गिळून मोकळी होतात, आणि मोजा आतड्यात अडकला की ऑपरेशन. सारखी उलटी, खाणं बंद, शी बंद दिसली तर घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टर.

गुरगुरण्यावर ओरडणं आधी थांबवलं. ती सूचना असते. ती दाबली की कुत्रा न सांगता चावतो.

मग अदलाबदल, फक्त मोठ्यांनी. सुरुवात ज्याचं त्याला फारसं कौतुक नाही अशा दोरीच्या खेळण्यापासून. एक पाऊल दूर उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे चार-पाच बारीक तुकडे टाकायचे. तो खायला वळला की खेळणं उचलायचं आणि लगेच परत द्यायचं. लोक हे परत देणंच विसरतात. दिवसातून दोनदा, पाच-सहा वेळा. आठवड्याने, तोंड उघडतं त्याच क्षणी ‘सोड’ म्हणायचं. मोजा सगळ्यात शेवटी.

हे तुकडे रोजच्या जेवणातून वजा करायचे, वाटीने नव्हे, काट्यावर मोजून. क्लंबर अंगाने पटकन सुटतो, आणि खुब्याचा त्रास या जातीत नेहमीचा. आजी शिऱ्याचा घास द्यायची, तोही बंद. बेदाण्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

पाचव्या आठवड्यात गुरगुर थांबली. नवी तक्रार आली : आता तो मोजे शोधून स्वयंपाकघरात आणतो आणि चिकनची वाट बघत बसतो. गिळण्यापेक्षा हे बरंच. दाराशी त्याच्यासाठी एक मऊ खेळणं ठेवायला सांगितलं, आणि धुण्याच्या टोपलीला घट्ट झाकण.