टाके पिकले, पण तक्रार नेमकी कशाची?

प्रश्न : मी पुण्यात चाळीसेक माणसांच्या खासगी कंपनीत हिशेब बघते, चार वर्षं झाली. पहिल्या बाळंतपणाला सातारा जिल्ह्यात माहेरी गेले. रजा 27 जानेवारीपासून घेतली. 9 फेब्रुवारीला तिथल्या एका खासगी दवाखान्यात नॉर्मल बाळंतपण झालं, खाली टाके पडले. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या दिवसापासून ताप आणि टाक्यांत ठणका सुरू झाला. दवाखान्यात तीनदा फोन केला. सिस्टर म्हणाल्या, ‘पहिलटकरणीला एवढं दुखतंच, कोमट पाण्यात बसा.’ दहाव्या दिवशी गेलो, तर डॉक्टरांनी न तपासता गोळ्या बदलून दिल्या. तेराव्या दिवशी टाके उसवले, पू आला. साताऱ्यातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात भूल देऊन जखम साफ केली, पुन्हा टाके घातले, सहा दिवस ठेवलं. 68 हजार खर्च आला. पहिला दवाखाना कागद देत नाही. ‘पोलिसांमार्फत मागा,’ म्हणतात. भरती होताना आम्ही फॉर्मवर सही केली होती, तीही दाखवतात. घरी शेक-धुरी घेतली म्हणूनच टाके पिकले, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकल्यापासून आई स्वतःला दोष देत बसली आहे. आता ‘28 हजारांचं बिल परत करतो, या कागदावर सही करा,’ असा निरोप आलाय. नवरा म्हणतो पोलिसांत जाऊ. ऑफिस म्हणतं, आमच्याकडे तीनच महिने रजा, 27 एप्रिलला हजर व्हा. मला अजून नीट बसता येत नाही. मी काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी तब्येतीचं. ताप पुन्हा 100.4 च्या वर गेला, जखमेतून किंवा अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास आला, ओटीपोटात दुखू लागलं, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि ज्यांनी दुसऱ्यांदा टाके घातले त्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. कायद्याच्या कामाला अजून वेळ आहे, जंतुसंसर्ग थांबत नाही.

आणि ऑफिसला 27 एप्रिलला जायचं नाही. तुमच्या मनावर आत्ता सगळ्यात मोठं ओझं तेच दिसतंय, म्हणून तेच आधी उतरवते. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून हे असं आहे आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच ठेवलं आहे. ‘आमच्याकडे तीन महिने’ हा कंपनीचा नियम कायद्यापुढे टिकत नाही. नेमणूकपत्रात तसं लिहिलेलं असलं आणि त्याखाली तुमची सही असली, तरीही नाही. तुमची रजा जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालते.

त्यापुढची तरतूद फारच थोड्या बायकांना ठाऊक असते. बाळंतपणातून उद्भवलेलं आजारपण असेल, तर या 26 आठवड्यांच्या वर आणखी एक महिन्यापर्यंत रजा, त्याच दराने पगारासह, मागता येते. टाके पिकणं, पुन्हा भूल देऊन शस्त्रक्रिया होणं हे त्यात बसतं. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि दाखल्यात ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढंच लिहून चालत नाही. हा त्रास प्रसूतीमुळे झाला, हे शब्द त्यात हवेत. तो दाखला आत्ताच घेऊन ठेवा. जुलैत गरज पडली तर वापरता येईल, नाही पडली तर उत्तमच.

ऑफिसला फोन करू नका, ईमेल करा. चार ओळी पुरेत : बाळंतपणाची तारीख, 26 आठवड्यांची रजा कायद्याने मिळते, त्यानुसार अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे, आजारपणाची जादा रजा लागल्यास दाखल्यासह कळवीन. या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. तसं पत्र आलंच तर कामगार विभागाच्या पुण्यातल्या कार्यालयात लेखी तक्रार करा. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी ती ईमेल गेल्यावर सूर बदलतो, कारण पलीकडच्या माणसालाही कायदा पहिल्यांदाच कळलेला असतो.

आता दवाखाना. इथे तुम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, ऐकायला बरी वाटणार नाही. टाके पिकले, एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाहीत. सगळी काळजी घेऊनही ही जखम पिकू शकते, जागाच तशी आहे. डॉक्टरांच्या बाबतीत न्यायालय बघतं ते हे, की त्या जागी वाजवी कौशल्य असलेला डॉक्टर जे करेल ते यांनी केलं का. उपचाराचा परिणाम वाईट झाला, एवढाच पुरावा पुरत नाही. ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत (ती कुठे करायची ते पुढे सांगते) तुम्ही ‘यांनी टाके नीट घातले नाहीत’ असं लिहाल, तर ते सिद्ध करणं फार अवघड जाईल. पहिले टाके आता उरलेलेच नाहीत.

पण पाचव्या दिवसापासून तेराव्या दिवसापर्यंतचे आठ दिवस बघा. ओल्या बाळंतिणीला ताप आहे, टाके ठणकताहेत, हे दवाखान्याला तीनदा कळवलं. कोणी ‘घेऊन या, बघतो’ म्हटलं नाही. दहाव्या दिवशी बाई स्वतः समोर आली, तरी जखम उघडून पाहिली नाही. बाळंतपणानंतरचा ताप हा साधा ताप समजायचा नसतो, पहिले 42 दिवस जंतुसंसर्गाची शंका आधी घ्यायची असते, ही वैद्यकातली अगदी पायाभूत गोष्ट आहे. तुमची तक्रार या आठ दिवसांची आहे. टाके पिकले त्याची नाही, पिकताहेत असं सांगूनही कोणी पाहिलं नाही, त्याची. तक्रारअर्जाचा प्रत्येक परिच्छेद या आठ दिवसांभोवती फिरला पाहिजे.

म्हणून तारखा लागतात. फोनमधली कॉलची यादी आजच्या आज स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोणत्या नंबरवरून, किती वाजता, किती मिनिटं बोलणं झालं ते त्यात दिसतं. बऱ्याच फोनमध्ये जुने कॉल आपोआप पुसले जातात आणि तुम्हाला आता दोन महिने झालेत, तेव्हा हे काम उद्यावर ढकलू नका. यादीतून कॉल गेले असतील तर ज्या कंपनीचं सिम आहे तिच्याकडे तपशील मागा. व्हॉट्सॲपवर काही बोलणं किंवा जखमेचे फोटो पाठवले असतील तर ते पुसू नका, फोनही विकू नका. अशा पुराव्यासोबत न्यायालयात एक प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन जपलेला असला की ते काम सोपं होतं. बदललेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल शोधा. त्या चिठ्ठीवर तपासणीची एकही नोंद नसेल, तर तीच तुमच्या बाजूने बोलेल.

दुसऱ्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि पुवाच्या तपासणीचा रिपोर्ट हा तुमचा सगळ्यात भक्कम कागद. तिथल्या डॉक्टरांना ‘पहिल्यांनी चूक केली असं लिहून द्या’ म्हणू नका. कोणी लिहीत नाही, आणि लिहिलंच तर समोरचा वकील त्यावरून त्यांना पक्षपाती ठरवतो. तुम्ही आलात तेव्हा जखम कशी होती, ताप किती होता, काय करावं लागलं, एवढंच तपशिलात लिहून मागा. तज्ज्ञाचं मत तक्रारीला बळ देतं, मिळालं तर जरूर जोडा. मात्र प्रत्येक प्रकरणात ते सक्तीचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये व्ही. किशन राव यांच्या खटल्यात सांगितलं आहे.

‘कागद पोलिसांमार्फत मागा’ हे उत्तर चुकीचं आहे. केसपेपरवर तुमचा हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात, की भरती रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत द्यायचे. त्याच्याही आधी, 1996 साली, मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात हाच हक्क मान्य केला होता. तुम्ही तोंडी मागितलेत, तिथेच घोटाळा झाला. साध्या कागदावर लिहा : ‘मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्याकडे भरती होते. माझा संपूर्ण केसपेपर, नर्सिंगच्या नोंदी, औषधांची यादी, संमतीपत्र आणि ओपीडीची नोंद यांच्या प्रती 72 तासांत द्याव्यात. झेरॉक्सचा खर्च देण्यास तयार आहे.’ खाली तुमचीच सही हवी. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. कागद आले तर उत्तम. नाही आले तर ते न देणं हीच वेगळी त्रुटी ठरते आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्याची तक्रार होते. कागद लपवणाऱ्या दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोग प्रतिकूल निष्कर्ष काढू शकतो, म्हणजे ते कागद दवाखान्याच्याच विरोधात जाणारे होते असं धरू शकतो.

भरती होतानाच्या सहीने घाबरू नका. ती उपचाराला दिलेली संमती असते, हयगयीला नसते. ‘काहीही झालं तरी दवाखाना जबाबदार नाही’ असं छापलेलं असलं, तरी त्याने त्यांची जबाबदारी संपत नाही.

आता जो नवा कागद समोर केलाय, त्यावर मात्र सही करू नका. त्यात बहुधा ‘माझी कोणतीही तक्रार नाही व पुढे करणार नाही’ असं वाक्य असेल. 28 हजार त्यांच्या बिलाचे. तुमचे 68 हजार, प्रवास, औषधं आणि सोसलेलं दुखणं यांचा त्यात हिशेबच नाही. तडजोड वाईट असते असं मी म्हणत नाही. बाळंतिणीने वर्षानुवर्षं तारखांना जाण्यापेक्षा योग्य रकमेवर मिटवणं कधी कधी शहाणपणाचं असतं, आणि ग्राहक आयोगातही मध्यस्थीची सोय आहे. पण ती हातात कागद आल्यावर, रक्कम ठरवून करायची.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता यांच्या प्रकरणात ठरवलं. (जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात अशी सरकारी रुग्णालयं त्यातून वगळली आहेत, तिथला मार्ग वेगळा.) 2019 च्या नव्या कायद्याने एक मोठी सोय केली : आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे बाळाला घेऊन साताऱ्याला खेपा घालायला नकोत, पुण्यात तक्रार चालेल. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही. ऑनलाइनही दाखल करता येते, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तरी दिवाळीच्या आत दाखल करा. उशीर झाला की साक्षीदार सिस्टर नोकरी सोडून गेलेल्या असतात.

तुमच्या मिस्टरांना माझा निरोप द्या. राग समजतो, पण पोलिसांत आत्ता जाऊ नका. डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी अतिशय ढोबळ स्वरूपाची हयगय लागते आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं निःपक्ष मत घ्यावं लागतं, असं 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात म्हटलं आहे. तुमच्या हकिकतीत तेवढं मला दिसत नाही, आणि तिथे हरलात तर त्याची सावली ग्राहक तक्रारीवर पडेल. दवाखान्यात जाऊन आरडाओरडा तर मुळीच नको. महाराष्ट्रात 2010 पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टरवर हात उगारला किंवा तोडफोड झाली तर गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आज बाजू तुमची आहे, एका संध्याकाळच्या रागात ती त्यांची होईल.

राहिली शेक-धुरी. दवाखाना हा मुद्दा आयोगापुढेही आणेल, तेव्हा तो लपवू नका. किती दिवस, कशी घेतली, ते तक्रारीत आपणहून लिहा. आणि मग डिस्चार्ज कार्ड उलटून पाहा : टाके कसे जपायचे, शेक घ्यायचा की नाही, ताप आला तर काय करायचं, यातलं एक अक्षर तरी त्यावर आहे का? आपल्याकडे बाळंतिणीला शेक देतात हे त्या गावातल्या डॉक्टरांना माहीत नसेल, असं कोणी मानणार नाही. नको होता, तर घरी सोडताना सांगायचं काम त्यांचं होतं. शिवाय ताप आल्यावर फोन कोणी केले? तुमच्या पत्रावरून वाटतं, त्यातले बरेचसे आईनेच केले असतील. तसं असेल तर त्याच तुमच्या पहिल्या साक्षीदार आहेत. त्यांना सांगा, तारीख-वार आठवतील तसे वहीत लिहून काढायला आजच बसा.