वाचकांचे प्रश्न : चार फुंकवाद्ये, एक षड्ज

प्रश्न : आम्ही फोंड्यातील चौघे जण रविवारी संध्याकाळी केवळ हौसेखातर एकत्र वाजवतो. माझ्याकडे बासरी आहे, भाच्याने आयर्लंडहून टिन व्हिसल, म्हणजे सहा छिद्रांची छोटी उभी बासरी, आणली आहे, एक मित्र लग्नकार्यांतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो आणि चौथे गृहस्थ देवळात सनई वाजवतात. एकेकट्याचे वादन गोड लागते. एकत्र आल्यावर मात्र सूर जुळत नाहीत आणि सनईपुढे बाकी काही ऐकू येत नाही. हा मेळ मुळातच अशक्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. तुमची अडचण वाद्यांच्या जातीची नसून षड्जाची, म्हणजे ज्याला सगळे मिळून ‘सा’ मानतात त्या स्वराची आहे, आणि षड्ज ठरवताना ज्या वाद्याला सर्वांत कमी हलता येते त्याचे ऐकावे लागते. बासरीचा स्वर ओठांच्या कोनाने, सनईचा तोंडातल्या पत्तीवरच्या दाबाने बराच वरखाली होतो. व्हिसलचे तोंड घडीव असल्याने तिला ही मोकळीक जवळपास नसते. म्हणून प्रारंभ तिच्यापासून करा.

बाजारात सहज मिळणारी व्हिसल (पाश्चात्त्य नावाने) डी स्वराची असते, म्हणजे तिची सहाही छिद्रे बंद केल्यावर डी निघतो. बासरीचा षड्ज आपण वरची तीन छिद्रे बंद करून धरतो. त्याच बोटांनी ही व्हिसल जी देते, ज्याला आपण पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवरून पांढरी पाच म्हणतो. तेव्हा पांढरी पाचची बासरी आणि डीची व्हिसल यांची बोटे तंतोतंत एकच ठरतात, आणि सगळी छिद्रे उघडल्यावर दोन्हींवर तीव्र मध्यम येतो. कल्याण थाटाचे (मध्यम तीव्र, बाकी शुद्ध) सातही स्वर अर्धे छिद्र न दाबता मिळतात, हा योगायोग तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. क्लॅरिनेट बहुधा बी फ्लॅटची असेल. तिच्यावर लिहिलेला स्वर प्रत्यक्षात एक पूर्ण स्वर खाली वाजतो, त्यामुळे जी हवा असेल तर तुमच्या मित्राने ए वाजवावा. बँडमध्ये कागदावरचे स्वर वाचण्याची सवय असलेल्याला हे सांगताच उमगेल.

पहिले काही आठवडे भूप रागच वाजवा. मध्यम आणि निषाद वर्ज्य असल्यामुळे त्यात अर्ध्या स्वराचे अंतर कुठेच येत नाही, आणि दोघांनी एकाच क्षणी वेगवेगळे स्वर घेतले तरी कानाला खुपत नाही. हेच पाच स्वर स्कॉटलंडच्या अनेक लोकधुनांत आणि चिनी संगीतातही आहेत, त्यामुळे भाच्याच्या आयरिश धुनांनाही येथे जागा सापडेल. कल्याण थाटाचा यमन राग त्यानंतर घ्यावा.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते : चौघांनी सतत धून वाजवू नये. आपल्या सनईवादनात एक साथीदार केवळ आधारस्वर धरून बसतो; आर्मेनियातील जर्दाळूच्या लाकडाच्या दुदुक या पत्तीच्या फुंकवाद्याचीही रीत हीच असून, तिथे दुसरा वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत स्वर अखंड ठेवतो. हे वादन युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2008 मध्ये समाविष्ट झाले. तुमच्याकडे हे काम क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांना शोभेल. दर फेरीला धून एकाने वाजवावी, एकाने तिला उत्तर द्यावे आणि बाकीच्यांनी थांबून ऐकावे.

सूर लावण्यापूर्वी दहा मिनिटे वाजवून वाद्ये गरम करून घ्या, कारण आतली हवा तापली की स्वर चढतो. ही काळजी न घेता जुळवलेली वाद्ये थोड्याच वेळात पुन्हा फाकतात.

सनई ही उघड्यावरची, देवळाच्या प्रांगणातली. तिला मंद वाजवायला लावणे तिच्यावर आणि त्या गृहस्थांवर अन्याय आहे. त्यांचा षड्ज पांढरी पाच नसेल तर पत्तीशी झटापटही करू नये. तुम्ही त्यांच्या षड्जाची दुसरी बासरी घ्या, दोघांची फेरी स्वतंत्र ठेवा, आणि त्यांनी अंगणात बसून वाजवावे, तुम्ही ओसरीवर.